प्लगपासून मागे चालत या

बुधवार पेठेत गाडी बंद पडली तर ती कडेला घ्यायलाही जागा मिळत नाही. आप्पा बळवंत चौकात पुस्तकांचे गठ्ठे उतरवणारे टेम्पो असतात, तपकीर गल्लीत वायरची भेंडोळी वाहणाऱ्या हातगाड्या असतात, दगडूशेठकडे निघालेली माणसं तर बाराही महिने असतात. अशा ठिकाणी जुनी स्कूटर सांभाळायची तर इग्निशनचं थोडं शिक्षण घ्यावंच लागतं. माझं ते शिक्षण वडिलांच्या चेतकवर झालं, पेठेतल्या एका वयस्कर मिस्त्रींच्या हाताखाली. पोटापाण्याचा उद्योग माझा वेगळाच आहे, पण ओळखीपाळखीच्यांच्या जुन्या स्कूटर माझ्या दारात येत राहतात आणि त्यांतल्या बऱ्याच जणींची तक्रार एकच असते: करंट येत नाही.

चेतक १९७२ साली आकुर्डीच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याआधी बजाज ऑटो इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार संपला आणि राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव घेऊन ही गाडी आली. दोन स्ट्रोकचं १४५.४५ सीसीचं इंजिन, सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोकही ५७ मिलिमीटरच. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिल्यावर ती घरी यायची, त्यामुळे ती विकायचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. पुढे इलेक्ट्रॉनिक इग्निशनची चेतक निघाली. २००५-०६च्या सुमारास पेट्रोलवरच्या चेतकचं उत्पादन थांबलं आणि २०२०च्या जानेवारीत विजेवरची नवी चेतक पुणे आणि बंगळूरु या दोन शहरांत सर्वांत आधी आली. मी लिहितोय ते पॉइंटवाल्या जुन्या चेतकविषयी.

हिला चालू व्हायला बॅटरी लागत नाही. किक मारली की फ्लायव्हील फिरतं. त्याच्या आत चुंबकं बसवलेली असतात, म्हणून मिस्त्री लोक त्या अख्ख्या चाकालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात. आतल्या स्थिर प्लेटवर एक कॉइल असते. चुंबकं तिच्यासमोरून गेली की तिच्यात वीज तयार होते. ती वीज बंद पॉइंटमधून, म्हणजे उघडझाप करणाऱ्या धातूच्या दोन टोकांमधून, वाहत असताना ऐन क्षणी पॉइंट उघडतात, प्रवाह तुटतो आणि बाहेरच्या एचटी कॉइलमध्ये हजारो व्होल्टचा झटका उठून प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते. फॅरडेने १८३१ साली प्रयोगशाळेत जे दाखवलं तेच इथे एका किकमध्ये घडतं. मला या रचनेबद्दल खरोखर आदर वाटतो. तिच्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी दिसते आणि हाताने दुरुस्त करता येते.

गावाकडच्या ट्रॅक्टरवाल्यांना हे दुखणं माहीत नसतं, कारण डिझेलला प्लग लागतच नाही. नुसत्या दाबाच्या उष्णतेने ते पेट घेतं. पण दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या पेट्रोलच्या किंवा केरोसिनच्या फर्ग्युसनसारख्या ट्रॅक्टरांना पॉइंट आणि कंडेन्सर होतेच. असा एखादा ट्रॅक्टर कुणी हौसेने जपला असेल तर पुढचं बरंचसं त्यालाही लागू पडेल.

१. आधी ठरवा, दोष करंटचा आहे का?

इंजिनाला तीन गोष्टी हव्या असतात: पेट्रोल आणि हवेचं मिश्रण, ते दाबून धरणारं कॉम्प्रेशन आणि वेळेवर पडणारी ठिणगी. कॉम्प्रेशन पायालाच कळतं. किक एकदम सैल गेली, पायाला कुठे अडलीच नाही, तर करंट शोधत बसण्यात अर्थ नाही. बाकी दोहोंमधली निवड प्लग करतो. पाच-सहा किका मारून प्लग काढा. तो पेट्रोलने ओला असेल तर पेट्रोल आत पोचतंय आणि जळत नाहीये. शोध करंटचा घ्यायचा. कोरडा ठणठणीत असेल तर पेट्रोलचा नळ, फिल्टर, कार्बोरेटर बघायचा आणि मॅग्नेटच्या झाकणाला हातसुद्धा लावायचा नाही.

स्कूटर एका अंगाला झुकवून मग किक मारायची, ही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तिचा संबंध पेट्रोलशी आहे, करंटशी नाही. झुकवल्यावर गाडी चालू झाली तर तेही एक निदानच समजा: दोष बहुधा कार्बोरेटरच्या बाजूला आहे.

अलीकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत असं पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असेल, तर आधी ते काढून ताजं भरा. शिळ्या पेट्रोलपायी चांगल्या कॉइली बदललेल्या मी पाहिल्या आहेत.

२. प्लग वाचायला शिका

चहा-कॉफीच्या मधला तपकिरी रंग असेल तर आत सगळं ठीक चाललंय. काळा, तेलकट, चिकट असेल तर ऑइल जास्त होतंय किंवा ठिणगी अशक्त आहे. या इंजिनाला लिटरमागे २० मिलिलिटर ऑइल पुरतं. ‘जरा जास्त घाला, इंजिन टिकेल’ म्हणून पंपावर दुप्पट घालून घेणारे आजोबा अजून भेटतात आणि त्यांचे प्लग दर महिन्याला जातात. कोरडी काजळी असेल तर चोक बंद व्हायचा राहिलाय किंवा एअर फिल्टर तुंबलाय. पांढराफटक प्लग म्हणजे इंजिन तापतंय; मग टायमिंग आणि हवेची गळती या दोन्ही गोष्टी तपासायच्या.

दोन स्ट्रोकमध्ये आणखी एक प्रकार होतो. प्लगच्या दोन टोकांच्या मधल्या फटीत कार्बनचा केसासारखा बारीक धागा जमतो आणि फट सांधली जाते. चालती गाडी क्षणात बंद पडते. प्लग काढून पिनेने तो धागा काढला की काम झालं. फट फिलर गेजने ०.६ मिलिमीटर ठेवावी. अंदाजाने ठोकू नये.

नवा प्लग चांगलाच असेल असं धरून चालू नका. दुसऱ्या चालत्या गाडीतून काढलेला जुना प्लग डिकीत ठेवा. तपासणीला तोच विश्वासाचा.

३. ठिणगी बघायची तर नीट बघा

प्लग कॅपमध्ये बसवून त्याचा धातूचा भाग सिलिंडर हेडला टेकवायचा आणि दुसऱ्याने किक मारायची, ही पद्धत सगळ्यांना ठाऊक असते. दोन गोष्टी मात्र राहून जातात. एक, प्लगच्या उघड्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. ठिणगी त्या भोकाजवळ कधीही पाडायची नाही. प्लग इंजिनाच्या लांबच्या धातूच्या भागावर टेकवा आणि भोकात फडक्याचा बोळा ठेवा. दुसरी, उघड्या हवेत ठिणगी पडली म्हणजे सिलिंडरमध्येही पडेलच असं नाही. दाबलेल्या हवेतून उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्ट लागतात. म्हणून कॅप काढून वायरचं टोक, प्लॅस्टिकची मूठ असलेल्या पकडीने धरून, इंजिनाच्या धातूपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवून बघा. तिथे निळी, कडकडणारी ठिणगी सलग पडली तर कॉइलपर्यंत सगळं ठीक. पिवळट, नारिंगी, एकाआड एक पडणारी ठिणगी म्हणजे पुरावा मिळाला. आता मागे मागे जायचं.

मिस्त्रींनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं. करंट जिथे पोचायला हवा तिथून सुरुवात करायची आणि तो जिथून निघतो तिकडे एकेक पाऊल चालत जायचं. मधला टप्पा गाळायचा नाही. दुकानातून कॉइल, पॉइंट, कंडेन्सर, प्लग असा सगळा संच आणून एकदम बसवला तर गाडी चालू होईलही, पण काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. आणि त्या संचातला एखादा नवा भागच खराब निघाला तर आता दोन दोष एकत्र आले.

४. कॅप आणि वायर

गणपतीच्या दहा दिवसांत आमच्याकडचे रस्ते बंद असतात. लक्ष्मी रस्ता, शिवाजी रस्ता, जोगेश्वरीचा परिसर, कुठूनही गाडी काढता येत नाही. शहाणी माणसं स्कूटर आधीच लांब कुठेतरी नेऊन लावतात. भाद्रपदातल्या सरींमध्ये ती भिजते आणि विसर्जन आटोपल्यावर चालू होत नाही. पुष्कळदा दोष फक्त प्लग कॅपमध्ये शिरलेल्या ओलीचा असतो. कॅप फिरवून काढा, आतून पुसा, वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापून ताजं तांबं उघडं करा आणि कॅप पुन्हा घट्ट बसवा. वायरच्या रबराला भेगा असतील तर अंधारात इंजिन चालू ठेवून बघा; बाहेर गळणारा करंट निळसर दिसतो.

५. एक वायर काढून बघा

या गाडीत इंजिन बंद करण्याची पद्धत साधी आहे. बटण दाबलं की कॉइलकडे जाणारी वीज बटणाच्या वायरमधून, म्हणजे किल वायरमधून, अर्थ होते आणि ठिणगी थांबते. आता हीच वायर हँडलच्या आत घासून सोलली गेली, तर बटण न दाबताही वीज अर्थ होत राहते. हँडल रोज शेकडो वेळा वळतं, त्यामुळे वायरी नेमक्या तिथेच झिजतात. गाडी सरळ असताना चालते आणि वळणावर ठसके देते, तेव्हा माझा पहिला संशय इथेच जातो.

तपासणी फुकट आहे. इंजिनाजवळच्या जंक्शन बॉक्समध्ये किल वायर सोडवायची आणि किक मारायची. ठिणगी परत आली तर मॅग्नेट, पॉइंट, कॉइल सगळी निर्दोष सुटली. एवढं मात्र लक्षात ठेवा की किल वायर सुटलेली असताना बटणाने इंजिन बंद होणार नाही. चोक ओढून किंवा गिअरमध्ये ब्रेक धरून बंद करावं लागेल.

६. पॉइंट

कूलिंगचं झाकण काढलं की मॅग्नेटला खिडक्या दिसतात. त्यांतून बॅटरीचा उजेड टाकला की पॉइंट दिसतात. मॅग्नेट हाताने हळूहळू फिरवा. पॉइंट जास्तीत जास्त उघडतात तिथे थांबा आणि फिलर गेज घाला. ०.३ ते ०.५ मिलिमीटर चालतं, मी ०.४ ठेवतो.

ही फट एवढी महत्त्वाची का, ते समजून घेतलं तर पुढचं बरंच आपोआप समजतं. हलणाऱ्या पॉइंटला फायबरची टाच असते आणि ती कॅमवर घासत राहते. टाच झिजली की फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडायला लागतात आणि ठिणगी उशिरा पडते. गाडी चालू होते, पण ओढत नाही, चढावर तापते, पेट्रोल जास्त पिते. उलट फट जास्त ठेवली तर पॉइंट लवकर उघडतात, बंद राहण्याचा वेळ कमी होतो आणि कॉइलला पुरेशी वीज मिळत नाही. म्हणजे फट बदलली की टायमिंगही बदलतं. फट आधी लावायची, टायमिंग नंतर. हा क्रम उलटवून चालत नाही.

टाच का झिजते, हेही बघायला हवं. कॅमला टेकणारा नमद्याचा छोटा तुकडा असतो. त्याला तेलाचा ओलावा हवा. तो वाळून कडक झाला की कॅमवर गंज चढतो आणि गंजलेला कॅम टाचेला कानसासारखा खातो. नवे पॉइंट बसवताना नमद्याला किंचित ग्रीस लावायला पाच सेकंद लागतात, पण बहुतेक ठिकाणी ते राहून जातं. ग्रीस जास्तही नको. ते उडून पॉइंटवर बसतं.

पॉइंट साफ करायला बारीक पॉलिश पेपरची पट्टी दुमडून दोघांच्या मधून ओढावी, मग पेट्रोलमध्ये भिजवलेली पुठ्ठ्याची पट्टी, आणि शेवटी कोरडा स्वच्छ कागद. शेवटचा कागद बाहेर येताना पांढरा राहीपर्यंत थांबू नये. गाडी महिनाभर उभी राहिली असेल तर पॉइंटवर डोळ्यांना न दिसणारा थर धरतो आणि ठिणगी पूर्ण गायब होते. नुसत्या कागदाने ती परत येते. खोल खड्डे पडलेले पॉइंट मात्र घासत बसू नका. बदला, आणि खड्डे का पडले ते शोधा. त्याचं उत्तर पुढच्या भागात आहे.

७. कंडेन्सर

सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत कमी समजला गेलेला हा भाग. पॉइंट उघडतात त्या क्षणी वाहता करंट एकदम थांबायला तयार नसतो. तो उघडणाऱ्या फटीतून उडी मारतो. कंडेन्सर त्या क्षणापुरती त्याला दुसरी वाट देतो, त्यामुळे पॉइंटवर जाळ होत नाही आणि प्रवाह झटकन तुटतो. जितका झटकन तुटेल तितकी प्लगची ठिणगी जोरदार. कंडेन्सर गेला की दोन्हीकडून नुकसान होतं: पॉइंट जळतात आणि प्लगला करंट अशक्त मिळतो.

लक्षणं ठरलेली आहेत. नवे पॉइंट काही दिवसांतच काळे पडतात. थंड गाडी चालू होते, पण मंडईपर्यंत जाऊन भाजी घेऊन आलं की दहा-बारा किका लागतात. वेग वाढवला की मिसिंग येतं. खात्री करायची असेल तर दिवा मालवून, इंजिन चालू असताना मॅग्नेटच्या खिडकीतून पॉइंटकडे बघा. अधूनमधून बारीक ठिणगी दिसणं साहजिक आहे. सतत, ठळक, पिवळा जाळ दिसत असेल तर कंडेन्सर गेला.

तो जातो का? जुन्या बनावटीच्या कंडेन्सरमध्ये धातूच्या पातळ पत्र्याची आणि कागदाची गुंडाळी असते. मॅग्नेटच्या आत, इंजिनाला चिकटून, वर्षानुवर्षं तापून आणि निवून कागदात ओल शिरते. म्हणूनच ‘जुना ओरिजनल स्टॉक आहे’ असं सांगून विकलेला कंडेन्सर मला नको असतो. तो वापरलेला नसला तरी कपाटात पडून म्हातारा झालेला असतो.

यावरचा माझा उपाय मला माझ्याच पेठेत सापडला. तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग मिळतात. तिथे ०.२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर मागायचा. पॉइंटसाठी लागणारी क्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असते, तेव्हा हा बरोबर त्यात बसतो. व्होल्ट एवढे कशाला, तर पॉइंट उघडताना तिथे काही शे व्होल्टचा झटका येतो, त्याला पुरून उरायला हवं. पहिल्यांदा मागितला तेव्हा काउंटरवरच्या मुलाने विचारलं, “काका, पंख्याला हवाय का?” पंख्याचा कपॅसिटर अडीच मायक्रोफॅरडच्या आसपासचा असतो, दहापट मोठा, तो इथे अजिबात चालणार नाही. मी त्याला स्कूटरचं सांगितल्यावर त्याने आत आवाज देऊन मालकांना बोलावलं आणि त्यांनी न विचारता ६३० व्होल्टचाच काढून दिला. त्यांच्याकडेही जुनी स्कूटर होती.

हा नवा कपॅसिटर मॅग्नेटच्या आत बसवू नये. जुना काढून टाकायचा आणि नवा बाहेर, एचटी कॉइलजवळ लावायचा. त्याची एक तार मॅग्नेटकडून कॉइलला येणाऱ्या वायरला, दुसरी पक्क्या अर्थला. सोल्डर नीट करा, वर स्लीव्ह चढवा आणि तो हलणार नाही असा बांधा, कारण थरथरीने तारा तुटतात. इंजिनाच्या उष्णतेपासून लांब असल्याने तो टिकतो, आणि गेलाच तर मॅग्नेट न उघडता बदलता येतो. जुन्या गाडीत मूळ भागच हवा, असं मानणाऱ्यांना हे रुचत नाही. मला त्यांच्या निष्ठेचं कौतुक आहे. पण गाडी रस्त्यावर धावत राहणं ही मला मोठी निष्ठा वाटते.

८. गरम झाल्यावरच बंद पडणारी गाडी

सर्वांत जास्त वेळ खाणारा दोष हा. पेठेत फिरताना काही तक्रार नसते. दिवे घाटात किंवा कात्रजच्या चढावर गाडी दम तोडते. पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. मिस्त्रींकडे नेली की तिथे ती पहिल्या किकला सुरू होते.

इथे एकच नियम: बंद पडली त्याच मिनिटाला, त्याच जागी ठिणगी बघायची. गाडी निवली की पुरावा गेला. त्यासाठी प्लगचा पाना सोबत हवाच. ठिणगी नसेल तर संशय एचटी कॉइल, कंडेन्सर आणि प्लेटवरची कॉइल या तिघांवर. ठिणगी निळी असेल तर टाकीचं झाकण उघडा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत निर्वात होतो, पेट्रोल उतरायचं थांबतं आणि थोडं थांबल्यावर पुन्हा उतरतं. लक्षण हुबेहूब कॉइल जळाल्यासारखं.

कॉइल मीटरवर तपासता येते, पण मीटरच्या उत्तरावर फार भिस्त ठेवू नका. आतली तार तुटलेली असेल तर मीटर सांगेल. तारेवरचं इन्सुलेशन गरम झाल्यावर, हजारो व्होल्टच्या दाबाखाली फुटत असेल, तर थंड कॉइलवर छोट्या बॅटरीचा मीटर ते कसं दाखवणार? म्हणून मी मित्राच्या चालत्या गाडीची कॉइल उसनी घेऊन, बाहेरच्या बाहेर जोडून, तोच घाट पुन्हा चढतो. कॉइलीबाबत यापेक्षा भरवशाची परीक्षा मला सापडलेली नाही. तिन्ही संशयितांपैकी बदलायला सर्वांत स्वस्त कंडेन्सर, म्हणून पहिला तो; मग एचटी कॉइल; प्लेटवरच्या कॉइलीसाठी मॅग्नेट काढावं लागतं, ती शेवटी.

९. टायमिंग

किक उलटी बसली, पायाला जोराचा धक्का बसला, तर टायमिंग पुढे गेलंय. घोट्याला कायमची इजा होऊ शकते, तेव्हा पुन्हा किक मारून बघू नका. आधी तपासा.

प्लेट तीन स्क्रूंवर बसते आणि थोडी फिरवता येते. मॅग्नेट ज्या दिशेने फिरतं त्याच्या उलट प्लेट सरकवली की ठिणगी लवकर पडते. त्याच दिशेने सरकवली की उशिरा. पॉइंट नेमके केव्हा उघडतात हे बघायला अगदी पातळ कागदाची पट्टी त्यांच्यात पकडवायची, ती हलकेच ओढत मॅग्नेट फिरवायचं; पट्टी सुटते तो क्षण. त्या वेळी मॅग्नेटवरची खूण आणि केसिंगवरची खूण जुळायला हवी. प्लेट काढण्याआधी तिच्या जागेवर खिळ्याने बारीक रेघ ओढून ठेवली की पुन्हा बसवताना अर्धं काम झालेलं असतं.

चालती गाडी एकाएकी फटाके वाजवायला लागली आणि मग चालूच होईना, तर मॅग्नेट आणि शाफ्ट यांच्यामधली चावी तुटल्याची शक्यता असते. चावी तुटली की मॅग्नेट शाफ्टवर सरकतं, खुणांना काही अर्थ उरत नाही. मुख्य नट सैल राहिल्याने हे होतं. मॅग्नेट काढताना पुलरच वापरावा. हातोडीने ठोकलेल्या मॅग्नेटची चुंबकं कमजोर होतात, आणि शाफ्टचं टोकही खराब होतं.

१०. पॉइंटवर सारखं ऑइल येत असेल तर

पॉइंट पुसत बसू नका. क्रँकच्या मॅग्नेटकडच्या बाजूचं ऑइल सील गेलंय. तिथून हवाही आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं. आणि फट आज ०.४ लावली, उद्या वेगळीच भरली, तर मॅग्नेट हाताने वरखाली हलवून बघा. हललं तर बेअरिंग झिजलंय. पॉइंटचा काही दोष नाही. इथे इंजिन उघडण्याला पर्याय नसतो.

११. सुटे भाग कुठे आणि काय बघून घ्यावेत

पुण्यात दुचाकीचे सुटे भाग म्हटलं की नाना पेठ. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे वापरलेली मॅग्नेट, प्लेटी, एचटी कॉइली मिळतात. प्लेट घेताना वायरींचं रबर वाकवून बघा. ते चुरचुरत असेल तर सगळ्या वायरी बदलायची तयारी ठेवा. तपकीर गल्लीत उष्णता सोसणारी वायर मीटरवर मिळते. पॉइंट घेताना दोन्ही टोकं एकमेकांसमोर सपाट बसतात का, ते उजेडात धरून बघा. तिरके बसणारे पॉइंट नवे असूनही आठवड्यात जळतात. खोक्यावरचं नाव वाचण्यापेक्षा आतला भाग निरखा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घ्या, असा सल्ला अनेक जण देतात. रोज पिंपरी-चिंचवडपर्यंत जाऊन यायचं असेल तर जरूर बसवा. पॉइंट नाहीत, झीज नाही, फट नाही. मात्र मूळ प्लेट, मॅग्नेट आणि कॉइल कापडात गुंडाळून जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा डबा बंद पडला तर वाटेत त्याला उघडून काही करता येत नाही. पॉइंटवाली गाडी मी पुरंदरच्या रस्त्यावर, वडाच्या झाडाखाली, कागदाच्या कपट्याने चालू केली आहे.

१२. डिकीत काय असावं

प्लगचा पाना. तपासलेला जुना प्लग आणि एक नवा. स्क्रू ड्रायव्हर, फिलर गेज, पॉलिश पेपरची पट्टी. तयार तारा जोडलेला एक कपॅसिटर. हातभर वायर, इन्सुलेशन टेप, छोटी बॅटरी. कोरडं सुती फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत, पावसाळ्यात दोन. आणि एक छोटी वही: कोणता भाग केव्हा बदलला, फट किती ठेवली, त्या वेळी लक्षण काय होतं. माझ्या वहीची पहिली काही पानं वडिलांच्या अक्षरातली आहेत. कंडेन्सरच्या नोंदी त्यांत सर्वांत जास्त, आणि तपकीर गल्लीतला कपॅसिटर बसवल्यापासून ती नोंद पुन्हा करावी लागलेली नाही.